दोन खांबांच्या मधून

२ नोव्हेंबर, सोमवार

औषधवाला दरवर्षी ही डायरी फुकट देतो आणि दरवर्षी ती कोरीच रद्दीत जाते. पाण्यातलं शहर सोडून मेस्त्रेत राहायला आल्यापासून लिहिण्यासारखं घडलंय तरी काय? पण आज कुणाशी तरी बोलायलाच हवं, आणि जिल्दोशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. बायकोचं ऐकायचं नाही, हे तो लग्नातच ठरवून आलेला.

आज मृतांचा दिवस. शेवंती घेऊन सान मिकेलेला, दफनभूमीच्या बेटावर, गेलो होतो. आमचा पोरगा नेवियो ज्या भागात आहे, तिथल्या फाटकावर नोटीस लागली आहे. बारा वर्षं झालेल्या कबरी याच महिन्यात उघडणार. यात नवल काही नाही. बेट टीचभर आणि मरणारे ढीगभर, म्हणून आमच्याकडे प्रत्येकाला जमिनीत बारा वर्षं मिळतात. मग हाडं काढून लहान पेटीत घालतात आणि पेटी जाते भिंतीतल्या कोनाड्यात. माझी आई तशीच गेली, बाबा गेले, जिल्दोची ती कजाग मावशीसुद्धा गेली. आईच्या वेळी मी स्वतः समोर उभी होते. रडू आलं नाही.

नेवियोचं वेगळं आहे. लिहूनच टाकते सगळं. बाविसाचा होता. बाजारातून भाजी भरायची आणि बोटीने दुकानादुकानात पोचवायची, हे त्याचं काम. डिसेंबरातल्या धुक्यात एका पहाटे खाडीतल्या लाकडी खुंटांवर त्याची बोट आदळली. बोट त्याच दिवशी सापडली, तो नाही. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी सापडलं. मला बघू दिलं नाही. जिल्दो एकटा गेला, परत आला आणि म्हणाला, तोच आहे. कशावरून, असं मी विचारलं. जर्सीवरून, म्हणाला. निळ्या पट्ट्यांची जर्सी! अर्ध्या शहराच्या अंगात तीच असते. पण बापाने ओळखला म्हटल्यावर पुढे विचारतो कोण?

तेव्हापासून त्या कबरीवर फुलं वाहतेय, पण ती त्याच्यावरच वाहतेय असं मन पुरतं एकदाही म्हणालं नाही. सोळाव्या वर्षी पैज लावून त्याने पुलावरून उडी मारली आणि गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी बसवली, ती तशीच राहिली. उजवा खांदा तेव्हापासून जरा खाली. पट्टी काही मातीत कुजत नाही. कबर उघडतील तेव्हा मी तिथे उभी राहणार. पट्टी निघाली, तर तो माझा मुलगा. नाही निघाली, तर माझा मुलगा कुठेतरी आहे.

परतीच्या बोटीवर जिल्दोला हे सांगितलं. त्याचा सगळा जन्म प्रवासी बोटींवर दोर टाकण्यात गेला, त्यामुळे थांबा आला की नव्या पोराने दोर कसा टाकला हे बघून च्यक् केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ते करून झाल्यावर म्हणाला, "बघू."

७ नोव्हेंबर, शनिवार

जिल्दोचं डोकं फिरलंय. दफनभूमीच्या कचेरीतून पत्र आलं. तारीख पुढच्या शुक्रवारची आहे, असं तो म्हणाला. ठीक. पण सोमवारपासून शुक्रवारपर्यंत त्याने आमच्या जुन्या वस्तीत, कास्तेल्लोत, सांतिनाकडे खोलीही घेऊन ठेवली आहे! सांतिना आमची जुनी शेजारीण. तिने आता घराच्या खोल्या करून प्रवाशांना द्यायला काढल्यात.

मी म्हटलं, इथून गाडीने दहा मिनिटं लागत नाहीत, माणूस झोपायला घरी येतो. तर म्हणे, सातासमुद्रापलीकडून लोक ते शहर बघायला येतात आणि आपण तिथे जन्म काढून घंटेच्या मनोऱ्यावर चढलो नाही. पाच दिवस पाहुण्यांसारखं फिरू. ऐका! अख्खं आयुष्य प्रवाशांच्या नावाने बोटं मोडणारा माणूस हा.

मला कळतं की. शुक्रवारच्या विचाराने मी खंगू नये, म्हणून चाललंय. करू दे बापडा.

९ नोव्हेंबर, सोमवार

तीस वर्षं हॉटेलांच्या चादरींना इस्त्री केली, पण हॉटेलातल्या चादरीवर झोपणार आज पहिल्यांदा. सांतिनाची इस्त्री बरी आहे, कोपऱ्यात मात्र चुरगळलेलं. बोलले नाही. खिडकीतून आमच्या जुन्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. आता तिला पांढरा पडदा आहे आणि दाराशी प्रवाशांच्या किल्लीची डबी टांगलेली. बघायचं नाही असं ठरवलं आणि दुपारपर्यंत दहादा बघितलं.

जेवून मनोऱ्यावर गेलो. वर जायला लिफ्ट आहे, म्हणजे त्यातही पुरुषार्थ नाही. वर धुकं. शहर नाही, पाणी नाही, काही नाही, जणू रजईच्या आत उभे आहोत. एका दिशेला बोट दाखवून जिल्दो म्हणाला, सान मिकेले तिकडे. दिसत तर नाही, मी म्हटलं. तो म्हणाला, तिकडेच असतं ते. आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिला.

उतरताना रांगेत एक पाठ दिसली. उजवा खांदा खाली. मी दोघांना ढकलून पुढे गेले. तो वळला तर तोंड भलतंच निघालं. आता तो चौतिशीचा असेल, केस विरळ झाले असतील, पोटही सुटलं असेल. मी मूर्खासारखी अजून बाविशीतलाच शोधते. जिल्दोला सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे भरतीचं पाणी चढल्याचा भोंगा झाला. चौकात घोट्यापर्यंत पाणी, फळ्यांवरून एकामागे एक चालायचं, आणि पुढचा प्रवासी फोटोसाठी मध्येच थांबायचा. जुना जिल्दो असता तर शिव्यांनी त्याची सात पिढ्यांची विचारपूस केली असती. आजचा जिल्दो उलट त्यांचे फोटो काढून देत होता.

शहराच्या जुन्या राज्यकर्त्यांचा, दोजांचा, महाल बघितला. सोनंच सोनं, मान दुखली. मग खालच्या तुरुंगात उतरलो. तिथे दगडी बाकावर जिल्दो बसला तो उठेचना. भिंतीवर कैद्यांनी नावं कोरलीत, ती बघत बसला. पट्टी निघालीच नाही तर तू काय करशील, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, शोधीन. आधी त्रिएस्तेला जाईन, त्याला बंदरातल्या नोकरीची हौस होती. डोक्याला मार लागून माणसं नाव विसरतात, तसे लोक असतात. मठांतून विचारीन, दवाखान्यांतून विचारीन. सगळा बेत कधीचाच तयार आहे.

"आणि निघाली तर?" त्याने विचारलं.

"नाही निघणार."

यावर त्याने डोळे मिटले. इतका म्हातारा तो मला आजवर दिसला नव्हता.

संध्याकाळी काळ्या बुटांना पॉलिश करत बसला. उद्या सकाळी पेन्शनच्या कचेरीत सही करायला जायचंय म्हणे. मी म्हटलं, सही करायला काळे बूट? तर म्हणे, साहेब लोक असतात तिथे. आणि तू मुळीच लवकर उठू नकोस, असं दोनदा बजावलं. एवढी काळजी लग्नानंतरच्या आठवड्यातसुद्धा घेतली नव्हती.

११ नोव्हेंबर, बुधवार, सान मार्तिनोचा सण

किती लिहू! आज फार विचित्र दिवस गेला.

सकाळी गल्लीतल्या पोरांनी पातेली बडवत, कागदी मुकुट घालून सान मार्तिनोचं गाणं म्हणायला सुरुवात केली. नेवियो माझं चांगलं पातेलं पळवायचा आणि पोचे पाडून आणायचा. ते पातेलं अजून आहे, त्यातच पास्ता शिजवते. पोरांना गोळ्या दिल्या. त्या गोंगाटात मला बोटीचं इंजिन ऐकू आलं, नेवियोच्या बोटीचं, अडखळत धाप लागल्यासारखं. खिडकीशी धावले. कचऱ्याची बोट होती.

जिल्दो दुपारी आला. बुटांना पिवळी माती. आल्या आल्या नळाशी गेला आणि कोपरापर्यंत हात धूत राहिला, सांतिनाचा साबण निम्मा संपवला. विचारलं तर म्हणे, बागेत घसरलो. पेन्शनची कचेरी कुठे, बाग कुठे! धुक्यात चुकलो, म्हणाला. धुक्यात डोळे मिटून सगळे थांबे ओळखणारा हा माणूस. मेस्त्रेला गेल्यावर डॉक्टरला दाखवते.

मग जेवायला गेलो, आणि जेवला म्हणजे किती! कांद्यातलं काळीज आणि मक्याच्या पिठाची पोलेंता, पुन्हा काळीज आणि पोलेंता. वाइनच्या लहान पेल्याला आमच्याकडे सावली म्हणतात. तर याने एकावर एक सावल्या रिचवल्या, अनोळखी लोकांनाही पाजल्या. शीळ घालत होता. वाटेत सान मार्तिनोचं बिस्किट घेतलं, ते घोडेस्वाराचं, साखरेची नक्षी असलेलं, ताटाएवढं. नेवियो गेल्यापासून ते आमच्या घरात आलेलं नाही. मी म्हटलं, पेन्शन वाढली की काय? त्यावर हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग हसणं थांबलं आणि पाणी तेवढं चालू राहिलं. मी रुमाल दिला. रस्त्यात, लोकांसमोर! मेल्या, काय झालंय ते सांग की.

आणि परतताना त्याने ते केलं. चौकातून पाण्याकडे जाताना ते दोन उंच खांब आहेत, एकावर सिंह आणि दुसऱ्यावर सान तोदारो संताचा पुतळा. त्यांच्या मधे पूर्वी गुन्हेगारांना फाशी द्यायचे. आमच्यातला कुणी तिथून मधून जात नाही. कडेवरच्या पोरालाही वळसा घालून नेतात. फोटो काढायला मधे उभी राहतात ती परकी माणसं. जिल्दो बिस्किटाचा पुडा छातीशी धरून सरळ मधून चालत गेला. मी अलीकडे थिजून उभी.

"जिल्दो, काय केलंस हे?"

त्याने वर बघितलं, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. पण घाबरला नाही. हात पुढे करून म्हणाला, "ये गं. आता काय होणार आहे?"

मी वळसा घालून गेले. शुक्रवार दोन दिवसांवर आहे आणि हा माणूस अपशकुन ओढवून घेतो. मला भीती वाटते. पट्टी निघाली तर ती याच्यामुळेच निघेल.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आज गोंडोलात बसलो. सत्तरीला आले, पण हे थेर कधी केले नव्हते. नवऱ्या मुलीसारखी लाल गादीवर बसले आणि ओळखीचं कुणी पुलावर भेटू नये म्हणून देवाचा धावा करत राहिले. गोंडोलावाला दुलियो. नेवियोबरोबर शर्यतीत वल्ही मारायचा. आता दोन मुलांचा बाप आहे.

दुलियो हळूच म्हणाला, "काकू, काल जिल्दोकाकांना सान मिकेलेच्या बोटीवर बघितलं. सगळं नीट झालं ना?"

मी त्याला सांगितलं, सान मिकेले नव्हे रे, पेन्शनच्या कचेरीत गेले होते, आणि हो, झालं नीट. बिचाऱ्याने दुसऱ्याच कुणा म्हाताऱ्याला बघितलं असणार, धुक्यात सगळे म्हातारे सारखेच. दुलियो वळणावर हाक द्यायची असते तीही विसरला, समोरून येणाऱ्या बोटीवर आपटतच होतो. जिल्दो वाकून पाण्यात बघत होता. दुलियोने पैसे घेतले नाहीत. उतरताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. नेवियोची आठवण आली असेल.

एका पुलाखालून जाताना वर कठड्याला टेकून तो उभा होता. उजवा खांदा खाली. मी मान वळवून बघत राहिले. जिल्दोने मला बघताना बघितलं.

"तुला दिसतो ना अजून?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, कोण? कुणी नाही दिसत.

"मला दिसायचा," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. दिसायचा म्हणाला, दिसतो नाही. आजाऱ्यासारखा माझ्याकडे बघत होता. नंतर खोलीत काहीतरी सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मी म्हटलं, जे असेल ते उद्यानंतर. आज माझ्या डोक्यात जागा नाही.

बिस्किट अजून फोडलेलं नाही. घोड्याची साखर सुटायला लागली आहे.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

चिखल असणार म्हणून मी रबरी बूट घातले. जिल्दो म्हणाला, बुटांची गरज नाही. मी ऐकलं नाही.

धुकं उठलं होतं. बोटीवर तो माझ्याशेजारी न बसता दोराच्या पोराजवळ उभा राहिला. थांबा आल्यावर पोराने दोर वेडावाकडा टाकला तरी च्यक् केलं नाही. उतरल्यावर मी डावीकडे नेवियोच्या भागाकडे वळले, तर तो म्हणाला, तिकडे नको, इकडे. मी त्याचं न ऐकता पुढे गेले. नेवियोची रांग नव्हतीच. नुसती पिवळी माती, सपाट केलेली, तिच्यावर फळ्यांच्या खुणा. तीच पिवळी माती मी बुधवारी त्याच्या बुटांवर पाहिली होती आणि बागेतली आहे असं मानून ब्रशने साफ केली होती, माझ्याच हातांनी.

"कधी?" मी विचारलं.

"बुधवारी."

मी त्याच्या तोंडात मारली नाही, एवढं इथे लिहून ठेवते. तिथे एक बाक होता, त्यावर बसले. तो बसला नाही. टोपी काढून उभा राहिला आणि बोलायला लागला, आणि इतकं सलग मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. त्या वेळी ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणाला. जर्सी होती. ती कुणाचीही असू शकली असती. पण मी रोज धक्क्यावर जाऊन उभी राहायचे, जेवायची नाही, येणाऱ्या प्रत्येक बोटीला विचारायचे, आणि ते त्याला बघवेना. म्हणून त्याने सांगून टाकलं.

"मी हो म्हटलं, ओंदिना, कारण मी नाही म्हटलं असतं तर तू तिथून घरी आलीच नसतीस. मग बारा वर्षं फुलं आणली आणि कुणासाठी आणतोय ते मलाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणाचा पोरगा असता तर? त्याची आई दुसऱ्या धक्क्यावर उभी असती तर? ते तुझ्यासमोर निघालं असतं तर तू माझ्याकडे कसं बघितलं असतंस, तेवढं मला सोसलं नसतं. म्हणून एकटा गेलो."

मग त्याने खिशातून रुमाल काढला. परवा मी दिला होता तोच. त्यात पट्टी होती.

पट्टी बसवण्याआधी दवाखान्यात डॉक्टरने मला दाखवली होती. नेवियोचं हाड बारीक, म्हणून तिचं एक टोक त्यांनी वाकवून घेतलं होतं. ते टोक तसंच होतं. मी अंगठा फिरवून बघितला, पुन्हा फिरवून बघितला. तोच होता. सगळा वेळ तोच होता, तिथेच होता.

जिल्दो बुधवारी का जेवला, का हसला, कुणासाठी बिस्किट घेतलं, ते मला तिथे बाकावर बसल्या बसल्या कळलं. त्याचा पोरगा त्याला सापडला होता. आणि माझा, जो त्रिएस्तेला होता, नाव विसरला होता, केस विरळ झाले होते, तो त्याच बाकावर मेला. मला फार रडू आलं. कुणी बघतंय याची लाज वाटली नाही. जिल्दो टोपी हातात धरून नुसता उभा होता. पाठीवर हात ठेवायची त्याची हिंमत झाली नाही, आणि ठेवला असता तर मी झिडकारला असता.

बऱ्याच वेळाने विचारलं, कुठाय? भिंतीपाशी घेऊन गेला. कोनाड्यात पेटी होती, केवढीशी. त्याचा जन्माच्या वेळचा पाळणा याहून मोठा होता. दगड आज बसवणार होते, त्यासाठी आम्हाला बोलावलेलं. माणूस सिमेंट कालवून तयार होता. मी त्याला थांबायला सांगितलं. पर्समध्ये बिस्किट होतं, सकाळी का घेतलं होतं देव जाणे. घोडेस्वाराचं डोकं मोडून पेटीशेजारी ठेवलं. तो नेहमी डोकं आधी खायचा. सिमेंटवाल्याने तोंड फिरवलं आणि आपल्याला काही दिसलं नाही असं दाखवलं. मग दगड बसला.

पट्टी मी आत ठेवली नाही. जिल्दोनेही मागितली नाही.

परत येताना सान मार्कोला, त्या चौकापाशी, उतरलो. का, ते मला सांगता येणार नाही, घरी जायचं नव्हतं एवढंच. जिल्दो माझ्यामागून चालत होता, मार खाल्लेल्या पोरासारखा. मी त्याला म्हटलं, मी तुला माफ केलेलं नाही, इतक्यात करणारही नाही, आणि मेस्त्रेला गेल्यावर ती पेन्शनची गोष्ट मी रोज काढीन. तो म्हणाला, काढ. मग मी त्याचा हात धरला, कोटाच्या खिशात पट्टी मुठीत धरली, आणि आम्ही दोघं त्या दोन खांबांच्या मधून चालत गेलो. समोरून एका परक्या पोरीने आमचा फोटो काढला. म्हातारा म्हातारी, रबरी बूट, रडून सुजलेले डोळे. तिला वाटलं असेल, शहर बघून भारावलेत.

खांबांच्या पुढे धक्क्यावर गर्दी होती. गर्दीतून एक जण आमच्या शेजारून गेला. उजवा खांदा खाली होता. जिल्दोने माझा हात घट्ट धरला. मी वळून बघितलं नाही. म्हणजे, एकदाच बघितलं.